दोघांचा दांडा

"भट्टी आज दुपारी पेटवायची," मॅनेजर इनामदारसाहेब म्हणाले. "कोकचा ट्रक वाटेत अडकलाय."

कोक म्हणजे भट्टीत घालायचा कोळसा. तो गोदामात छातीएवढा रचलेला मी आदल्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. बंडाण्णांनीही बघितला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं, आणि इनामदारसाहेब आमच्या दोघांकडंही न पाहता रुमालानं चष्मा पुसत राहिले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्या माणसाला लहानपणी कुणी सांगितलं नसावं.

गोष्ट जुनी आहे. शिरोलीच्या माळावर तेव्हा लोखंड ओतायच्या फौंड्र्या नव्यानं उभ्या राहत होत्या, त्यातल्याच एकीत मी कोअर खात्यात होते. साच्याच्या पोटात बसवायचे वाळूचे गाभे तयार करायचे, हे आम्हा बायकांचं काम. त्या खात्यातून मला युनियनची चिटणीस केलेलं होतं, ते काही माझ्या शिक्षणामुळं नव्हे. माझं तोंड चालतं, एवढंच कारण. अध्यक्ष होते बंडा ओतारी. सगळी फौंड्री त्यांना बंडाण्णा म्हणायची. उंचीनं कमी, बोलायला त्याहून कमी, पण ओतकामात त्यांच्या तोडीचा माणूस सगळ्या माळावर नव्हता, आणि हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी कोर्टाचा तपासणी अधिकारी येणार होता. आमच्या फौंड्रीत दोन युनियन होत्या. एक आमची. दुसरी मालकांनी मांडीवर घेऊन वाढवलेली, तिला आम्ही शेठची युनियन म्हणायचो. अधिकारी एकेका कामगाराला समोर घेऊन विचारणार, तू कुठल्या युनियनचा. जिच्याकडं माणसं जास्त, तिला कोर्ट मान्यता देणार, आणि मग कामगारांच्या वतीनं मालकाला तिच्याशीच बोलावं लागणार. तोवर आम्ही काही मागायला गेलो की इनामदारसाहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं. तुम्ही कोण? तुमच्या युनियनला आम्ही ओळखत नाही.

सगळ्यांनाच ती मान्यता हवी होती. मला जरा जास्त हवी होती, त्याचं कारण माझा नवरा.

लोखंड वितळलं की त्याला आम्ही रस म्हणतो. उसाचा रस आणि लोखंडाचा रस, आमच्या कोल्हापुराकडं दोन्हींना तोटा नाही. हा रस भट्टीतून साच्यापर्यंत न्यायचा तो बादलीसारख्या भांड्यात. त्याला दोन्ही बाजूंनी लांब लोखंडी दांडे असतात, एक माणूस पुढं, एक मागं. उचलायच्या आधी पुढचा विचारतो, "धरलास?" मागचा म्हणतो, "धरला." ठेवतानाही तसंच. समोरच्याचा शब्द आल्याशिवाय दांडा सोडायचा नाही. ओताऱ्यांत चोरी केलेल्या माणसाला एक वेळ पंगतीला बसवतील, पण दांडा सोडलेल्या माणसाला कुणी जोडीला घेत नाही. कारण एकानं सोडला की दुसरा भाजतो.

माझा नवरा मारुती लोहार. आदल्या वर्षी पाडव्याच्या सुमारास त्याच्या हातातली बादली कलंडली आणि रस त्याच्याच पायावर सांडला. उजवा पाय घोट्यापासून गेला. त्याचा जोडीदार होता भूपाल चौगुले. दोघं लहानपणापासूनचे, एका तालमीत लोळलेले. भूपालला काही झालं नाही. कंपनीनं चौकशी केली आणि कागदावर लिहिलं की मारुतीनं दांडा सोडला, असं जोडीदार भूपाल चौगुले सांगतो.

मारुतीनं त्यावर एकच वाक्य उच्चारलं. "मी सोडला न्हाई." नंतर तो त्याविषयी बोललाच नाही. पाय गेला याचं दुःख त्यानं हळूहळू गिळलं, पण गल्लीत बसायला जाणं सोडलं, तालमीकडं फिरकणं सोडलं. जुने ओतारी भेटायला आले तर भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचा. माझा नवरा मला पुरता माहीत होता. तो भांडखोर होता, जेवताना मीठ कमी म्हणून ताट सरकवणारा होता, पण दांडा सोडणारा नव्हता. ती चौकशी पुन्हा करा म्हणून आम्ही कितीदा गेलो. तुम्ही कोण, हेच उत्तर. आणि भूपाल सहा महिन्यांच्या आत शेठच्या युनियनचा अध्यक्ष झाला. मला बघितलं की तो रस्ता बदलायचा. मी मात्र मुद्दाम त्याच्या समोरून जायची.

तर त्या दिवसाचं. इनामदारसाहेबांचा डाव साधा होता. अधिकाऱ्यानं सकाळी शेठच्या युनियनची माणसं तपासायची आणि दुपारनंतर आमची, असं ठरलं होतं. एरवी सकाळीच पेटणारी भट्टी थंड, सगळे मोकळे. भूपालची माणसं पान खात खात कॅन्टीनमध्ये गेली आणि नावं सांगून आली. दुपारी आमची पाळी आली तेव्हा भट्टी पेटलेली, तिला वारा घालणारा ब्लोअर घोंघावत होता आणि रस उतरायला लागला होता. आमची बहुतेक माणसं ओतकामावरची. एकदा रस सुरू झाला की ओताऱ्याला नाक पुसायलाही सवड नसते. अधिकाऱ्याला संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं.

कोअर खात्यातल्या बायकांना घेऊन मी कॅन्टीनमध्ये गेले. अधिकारी मोघे म्हणून होते, पुण्याचे, किडकिडीत. त्यांनी इनामदारसाहेबांना बाहेर बसवलेलं बघून मला बरं वाटलं. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, ते ऐकून पहिल्यांदा त्यांनी चमकून वर पाहिलं, मग सवय झाली. आम्ही सगळ्यांनी आमच्या युनियनचं नाव सांगितलं. आम्ही संपलो आणि दारात कुणीच उरलं नाही.

इनामदारसाहेब दारातूनच म्हणाले, की निरोप पाठवलेत, पण कुणी येत नाही. सभासद खरेच असते तर आले असते. त्यांचा आवाज अगदी मधाळ होता.

मी तिथून धावतच भट्टीकडं गेले. बंडाण्णा आणि भूपाल रिकामी बादली घेऊन रांगेत उभे होते. हो, तेच दोघं जोडीला. आमची युनियन झाल्यापासून इनामदारांनी सगळ्या जोड्या मोडून प्रत्येक दांड्याच्या एका टोकाला आमचा आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा माणूस लावला होता. कुणी कुणाशी बोलू नये म्हणून.

मी काय झालं ते सांगितलं. आमच्यातले तरणे खवळले. एकजण म्हणाला, बादल्या टाका आणि चला कॅन्टीनला, भट्टी गोठली तर गोठू दे, शेठची हाय, आपल्या बाची न्हाई. दोघातिघांनी माना डोलावल्या. खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. मारुतीचा पाय जाताना शेठचं काळीज हललं नव्हतं, मग त्याच्या भट्टीसाठी माझं का हलावं?

बंडाण्णांनी मान हलवली. "भट्टी गोठवली म्हणून उद्या सगळ्यांना काढतील. त्यांना त्येच पायजे," ते म्हणाले. मग भूपालकडं न बघता, "आणि समोरच्यानं धरलाय तवर मी सोडत न्हाई. त्यो कुठल्या का युनियनचा असंना."

भूपालनं खाली मान घातली. तेवढ्यात भट्टीचं तोंड फोडलं, रस उसळला आणि त्यांची पाळी आली.

"धरलास?"

"धरला."

ते दोघं रस घेऊन निघाले. मी उभी होते तिथं उभी राहिले. रडू येत होतं, पण रडून कुणाचं भलं झालंय? माणसं अधिकाऱ्यापर्यंत येऊ शकत नसतील, तर अधिकाऱ्याला पाय आहेत की, असा विचार आला आणि मी परत वळले.

कॅन्टीनमध्ये मोघेसाहेब कागद आवरत होते. मी सरळ त्यांच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, माणसं हाईत. त्यास्नी रस सोडून येता येत न्हाई. तुमी चला, मी दावतो."

इनामदारसाहेब लगबगीनं आत आले. तिकडं धोका आहे, ठिणग्या उडतात, कंपनी जबाबदारी घेणार नाही, तपासणीची जागा कॅन्टीनच ठरलेली आहे, असं बरंच बोलले. आणि शेवटी हसून म्हणाले, की या बाईंच्या घरात अपघात झालाय, तेव्हापासून त्या जरा अशाच वागतात.

मोघेसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "आत्ता या बाईंनी धोका आहे म्हटलं असतं तर मी समजू शकलो असतो," ते म्हणाले. "तुम्ही म्हणताय. मग तिथं रोज माणसं कशी काम करतात?"

त्यांनी कागद लावायची फळी काखेत मारली. इनामदारांना ऑफिसातच थांबायला सांगितलं. कुठल्या युनियनचा हे मालकाच्या माणसासमोर विचारायचं नसतं, हा नियम त्यांनी अगदी नम्रपणे सांगितला. इनामदारसाहेब ऑफिसात गेले खरे, पण माडीवरच्या त्या ऑफिसच्या मोठ्या काचेतून ओतकामाची सगळी शेड दिसायची, आणि ते काचेला नाक लावून उभे राहिले.

शेडमध्ये मोघेसाहेबांचा चष्मा क्षणात धुरकटला. ब्लोअरच्या आवाजात त्यांचं बोलणं कुणाला ऐकू जाईना. पहिल्या जोडीजवळ गेले तर आमचा माणूस म्हणाला, "जरा थांबा साहेब, आदी साचा." आणि कोर्टाचा अधिकारी हात बांधून थांबला. साचा भरला, बादली खाली ठेवली गेली, मग त्यांनी पुन्हा विचारलं. आमच्या माणसानं ओरडून आपलं नाव सांगितलं आणि ओरडूनच युनियनचं नाव सांगितलं. दुसरा इलाजच नव्हता. त्या आवाजात कानात कुजबुजणं चालत नाही.

म्हणजे झालं असं, की जे गुपचूप विचारायचं होतं ते सगळ्या शेडसमोर विचारलं गेलं. समोर दांड्याच्या दुसऱ्या टोकाला शेठच्या युनियनचा माणूस. वर काचेत इनामदार. आज जो नाव सांगेल त्याला उद्या गेटवर अडवलं जाईल, हे सगळ्यांना माहीत होतं. मला भीती वाटली की आता एखादा तरी कच खाणार.

कुणी खाल्ली नाही. मोघेसाहेब एका जोडीकडून दुसऱ्या जोडीकडं जात होते आणि माणसं त्यांची वाट बघत होती. घामानं निथळणारी, भुवया जळालेली, चिंध्या बांधलेल्या पायांची माणसं. कुणी रस ओतून झाल्यावर सांगे, कुणी रस घ्यायला जाता जाता सांगे, पण ताठ मानेनं सांगे आणि वर काचेकडं बघून सांगे. एक म्हातारा तर दोनदा ओरडला, साहेबांनी लिहिलं नसेल तर म्हणून. एकानंही थेंबभर रस सांडला नाही. इतकं नीट ओतकाम मी त्या फौंड्रीत आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं पाहिलं नाही. माझी छाती अशी भरून आली होती, की मारुती हे बघायला इथं नाही याचंच वाईट वाटलं.

शेवटी बंडाण्णांची जोडी राहिली. त्यांनी साचा भरला, बादली ठेवली. मोघेसाहेबांनी विचारलं, बंडाण्णांनी सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं आणि टोपण लावायला पेन वर केलं.

"साहेब," भूपाल म्हणाला.

त्यानं अजून दांडा धरलेलाच होता. रिकाम्या बादलीचा दांडा धरून तो उभा होता.

"माझं सकाळी लिवलंय त्ये खोडा. मला हिकडं लिवा."

मोघेसाहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ते पुढं सरकले. तुम्ही तर दुसऱ्या युनियनचे अध्यक्ष ना, असं त्यांनी विचारलं. भूपालनं मान डोलावली. जबाब बदलता येतो का, एवढंच विचारलं. तपासणी संपेपर्यंत येतो, साहेब म्हणाले, पण का बदलताय?

भूपालनं माझ्याकडं पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं सरळ पाहिलं.

"मारुतीनं दांडा सोडला न्हवता, वैनी. दांड्याचा जोड उलला हुता. आदल्या दिवशी मीच फोरमनला दावला हुता. चौकशीत मला म्हणले, ह्ये बोललास तर तुला बी घरी बसवू. मी घाबरलो."

ब्लोअर घोंघावतच होता, तरी आजूबाजूच्या जोड्यांना ते ऐकू गेलं असावं, कारण सगळे होते तिथं थांबले. मला काय वाटलं ते सांगते. राग आला. असा राग आला की त्याच्या मुस्काटात मारावी. वर्षभर माझा नवरा भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि ह्या माणसाच्या खिशात ते वाक्य होतं. आणि त्याच वेळी कुणीतरी डोक्यावरची वाळूची पाटी उतरवून घ्यावी तसं हलकंही वाटलं. दोन्ही खरं.

मोघेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला. "हे बघा," ते हळू म्हणाले, "मी अपघाताची चौकशी करायला आलेलो नाही. माझ्या कागदावर एकच रकाना आहे. कुठली युनियन. एवढंच मला लिहिता येतं."

"मग तेवढंच लिवा साहेब," भूपाल म्हणाला. "बाकीचं आमची युनियन बोलंल."

साहेबांनी लिहिलं. भूपालच्या मागं त्याची आणखी काही माणसं पुढं आली आणि सकाळचं खोडून घेऊन गेली. सगळी नाही आली. खोटं कशाला सांगू? काहीजण खाली बघत राहिले, त्यांच्याही घरात चुली होत्या. पण जेवढे आले तेवढे पुरेसे होते. वर काचेत आता कुणी दिसत नव्हतं.

तेवढ्यात भट्टीवाल्यानं हाक दिली, रस तयार होता. बंडाण्णा वाकले.

"धरलास?"

"धरला," भूपाल म्हणाला, आणि दोघं निघाले.

संध्याकाळी घरी जाऊन मी मारुतीला सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता. मला वाटलं आता शिव्या देईल, त्याचा हातखंडा होता त्यात. पण त्यानं कुबडी मागितली आणि म्हणाला, "तालमीकडं जाऊन येतो." मी त्याला एकट्याला जाऊ दिलं. तो परत आला तेव्हा भाकरी गार झाली होती, आणि त्या दिवशी मीठ कमी असूनही त्यानं ताट सरकवलं नाही.

कंपनीनं कोर्टात हरकती घेतल्या, तारखा पाडल्या, वकिलांनी शेडमधली तपासणी बेकायदा म्हणून पुष्कळ घसा ताणला. मोघेसाहेबांनी जे पाहिलं ते कोर्टापुढं ठेवलं. शेवटी हुकूम आला. आमची युनियन मान्यताप्राप्त झाली. त्या दिवशी गेटबाहेर गुलाल उधळला, आणि बंडाण्णांना त्यांच्या विरोधाला न जुमानता खांद्यावर घेतलं. ते पडता पडता वाचले.

काही दिवसांनी कंपनीनं बोलणी करायला बोलावलं. बोलवावंच लागलं. जिथं आम्हाला दारातूनच परत पाठवायचे त्याच ऑफिसात आम्ही बसलो. बंडाण्णा, मी, भूपाल, आणि बंडाण्णांच्या हट्टामुळं मारुतीही. कुबडी भिंतीला टेकवून तो भूपालच्या शेजारी बसला होता. दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते, पण बसायला दुसरी जागा असून तो तिथंच बसला होता.

इनामदारसाहेबांनी वही उघडली आणि पहिला विषय कुठला ते विचारलं. बंडाण्णा म्हणाले, मारुती लोहारचा अपघात. आमच्या वतीनं चौगुले बोलणार.

भूपाल उभा राहिला. दांड्याचा जोड कसा उलला होता, कधी दिसला, कुणाला सांगितला, आणि चौकशीत त्याच्याकडून काय वदवून घेतलं, सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. मारुती समोरच्या भिंतीकडं बघत ऐकत होता.

इनामदारसाहेब शांतपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वकिलासारखं विचारलं, "चौगुले, हेच खरं असेल, तर तुम्ही हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

भूपालनं मारुतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बंडाण्णांकडं पाहिलं.

"तवा मी एकटा हुतो, साहेब," तो म्हणाला.

इनामदारसाहेबांनी पेन उचललं आणि ते लिहून घेतलं.